काशम्माच्या नळातली चकती

दाक्षायणीबाईंना कोणी 'कॉम्प्युटरवाल्या बाई' म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणणारे कौतुकाने म्हणतात, हे मला कळतं. पण त्या कॉम्प्युटरपायी त्या बाईने जे सोसलं ते मी जवळून पाहिलंय. मी रेवणप्पा, सोमलिंगसाहेबांच्या इंजिनियरिंगच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. बाईंचं टेबल माझ्या बोर्डाच्या उजव्या हाताला होतं. मी रेघा ओढायचो, त्या आकडे मांडायच्या. दोघांची तोंडं खिडकीकडे आणि पाठ साहेबांच्या केबिनकडे. ती सोय आम्हीच करून घेतली होती.

बाईंचे वडील बसप्पा गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात होते. ते लवकर गेले. आई काशम्मा. तिने विड्या वळून पोरीला शिकवलं आणि पोरीने धारवाडला जाऊन गणितात एम.एस्सी. केलं. सोलापुरात त्या वेळी गणित शिकलेल्या बाईने मास्तरीण व्हायचं, एवढंच लोकांना सुचायचं. बाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना बेरजा तपासायला बसवलं. इंजिनियरांनी केलेल्या बेरजा! महिनाभरात त्यांनी इतक्या चुका काढल्या की इंजिनियर लोक त्यांच्या टेबलावरून जाताना पावलं न वाजवता जायला लागले.

मग साहेबांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. पुण्याला एका ठिकाणी मोठा कॉम्प्युटर होता, बाहेरच्यांनाही पैसे भरून वापरायला मिळायचा. साहेबांनी बाईंना तिथे फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला पाठवलं. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा, दुसऱ्या दिवशी कागद घ्यायचा. एक स्वल्पविराम चुकला की नुसत्या शिव्या छापलेला कागद हातात यायचा. सोलापूरच्या माणसाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचं काय नवल, मागावर चादरीची फुलं तसल्याच पुठ्ठ्यांवरून उठतात. बाई परत आल्या तेव्हा फार खूश होत्या. त्यांना एवढं खूश मी आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे विणकर सोसायटीचं काम आलं. अक्कलकोट रस्त्याच्या पलीकडे माळावर सोसायटीने घरं बांधली होती. उतारावर चार गल्ल्या, एकीच्या वर एक. खाली रस्त्याला लागून पाण्याची उंच टाकी, कारण जागा तिथेच मिळाली होती. टाकीचं डोकं चौथ्या गल्लीपेक्षा थोडंसंच वर. त्या टाकीतून चारी गल्ल्यांना पाणी पोचवायचं, कुठे केवढा पाईप घालायचा ते ठरवायचं, हे आमचं काम.

चौथ्या गल्लीतलं शेवटचं घर काशम्माचं होतं. बसप्पाने मरण्याआधी सोसायटीत नाव घातलं होतं, म्हणून ते मिळालं. तोवर काशम्मा रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाचं पाणी डोक्यावरून वर नेत होती. गुडघे गेले होते. तिसऱ्या गल्लीशी थांबायची, घागर कठड्यावर टेकवायची, कन्नडमध्ये बसप्पाला चार शब्द ऐकवायची आणि पुन्हा चढायची. बाई तिला म्हणाल्या होत्या, "अव्वा, आता ही घागर डोक्यावरची शेवटची. पाणी तुझ्या दारात आणते."

हे मी मुद्दाम सांगतोय. बाईंना ते काम म्हणजे नुसतं काम नव्हतं.

पाईपांचं गणित हाताने करायचं तर मोठा कागद पसरून एकेका जोडाचे आकडे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसावं लागतं. एक आकडा हलवला की सगळे हलतात. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरवर करा. मग प्रश्न आला, कोणत्या प्रोग्रॅमने? पुण्याच्या त्या ठिकाणी परदेशातून आलेला एक मोठा प्रोग्रॅम होता. त्याचं माहितीपुस्तक विटेएवढं जाड. आणि दुसरा होता बाईंनी स्वतः लिहिलेला, शिकताना सरावासाठी केलेला, लहानसा.

दुसरा कोणी असता तर जाड पुस्तक बघूनच भुलला असता. साहेब भुललेच. पण बाईंनी तसं केलं नाही. त्यांनी आधी पाईपांचं एक लहान जाळं हाताने सोडवलं, मग तेच दोन्ही प्रोग्रॅमांना घातलं. तिन्ही उत्तरं सारखी आली. मग मोठं जाळं घातलं, तेव्हा मोठ्या प्रोग्रॅमने ते झटक्यात सोडवलं आणि बाईंचा अडखळला. मोठा प्रोग्रॅम कुठे कुठे वापरलाय, त्याच्या चुका कोणी काढल्या, त्या कशा दुरुस्त झाल्या, हेही त्यांनी तिथल्या लोकांना छळून विचारून घेतलं. आणि आपला स्वतःचा बाजूला ठेवून मोठा निवडला. आपल्या पोराला मागे सारून दुसऱ्याच्या पोराला पुढे करायला छाती लागते. निवड चोख होती, आणि म्हणूनच मला आजही राग येतो. गाढवपणाने चुकल्या असत्या तर हसून सोडून दिलं असतं.

कागद आला. प्रत्येक गल्लीत, प्रत्येक जोडावर पाण्याला पुरेसा जोर. चौथ्या गल्लीच्या टोकालासुद्धा. मी नकाशे काढले, पाईप पडले, नळ बसले. टाकी भरून रोज सकाळी तासभर पाणी सोडायचं ठरलं. सोडणारा तिप्पण्णा, सोसायटीचाच माणूस, हातात व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी.

पहिल्या सकाळी बाई आणि मी वर काशम्माच्या दारात उभे होतो. काशम्माने नळाला कुंकू लावलं, तोटी पूर्ण उघडली, खाली घासून लख्ख केलेली घागर ठेवली. खालून आवाज आला, आलं आलं. पहिल्या गल्लीत घागरी वाजल्या, दुसरीत वाजल्या. तिसरीत जरा वेळाने एखादी वाजली. आमच्या समोरचा नळ थोडा फुसफुसला आणि गप्प झाला.

"नीर बंतेनु?" काशम्माने विचारलं. पाणी आलं का, एवढंच. समोर कोरडा नळ दिसत होता तरी तिने लेकीलाच विचारलं, कारण पाणी लेकीने आणलं होतं.

बाई म्हणाल्या, "येईल अव्वा. पाईपात हवा असेल."

ती हवा निघालीच नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. उलट एक विचित्रच प्रकार सुरू झाला. काशम्माने एकदा माझा हात धरून तोटीला लावला. नळ माझ्या तळव्याची कातडी आत ओढत होता. "बग," ती म्हणाली. "देनं तर ऱ्हायलं, ह्यो मेला वडून घेतोय."

चौथ्या गल्लीतल्या बायका ऑफिसात आल्या. साहेबांनी त्यांना खुर्च्यासुद्धा दिल्या नाहीत. कॉम्प्युटरचा कागद मागवला, टेबलावर लांबच लांब पसरला आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा. चौथी गल्ली. पाणी येतंय. कॉम्प्युटरने काढलेलं आहे हे, माझ्या मनचं नाही. तुमच्या नळांचंच काहीतरी असेल."

मी बोर्डापाशी होतो. हातातली पेन्सिल माझ्याकडून मोडली. समोर कोरड्या घागरी घेऊन बायका उभ्या आहेत आणि हा माणूस त्यांना कागदावरचं पाणी दाखवतोय! आणि तेही पुण्याच्या यंत्राच्या नावावर, म्हणजे भांडायलाही समोर कोणी नको.

काशम्मा पुढे झाली. तिने त्या कागदाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. "मग ह्या कागदालाच घागर लावा की सायेब," ती म्हणाली. "भरली की सांगा, आमी न्हेतो."

साहेबांनी शिपायाला हाक मारली. बाई आपल्या टेबलाशी ताठ बसून होत्या. स्वतःच्या आईला ऑफिसातून बाहेर काढताना बघत होत्या. मला त्यांचाही राग आला. उठा, बोला काहीतरी, असं वाटलं. त्यांनी नुसता तो कागद ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायला लागल्या. एकही आकडा चुकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन वसाहतीत गेल्या. पाणी सुटायला अजून अवकाश होता. आम्ही पहिल्या गल्लीतून चढायला लागलो. पहिलंच घर गौरम्माचं; तिच्या दारातला नळ उघडा, खाली पिंप. शेजारच्या दारातला उघडा, खाली हंडा. त्या शेजारचा उघडा. तिप्पण्णाने चावी फिरवलीसुद्धा नव्हती आणि गल्लीतली एकूण एक तोटी पूर्ण उघडी होती.

बाई मधेच थांबल्या. मला वाटलं दम लागला.

"रेवणप्पा," त्या म्हणाल्या, "मी गाढव आहे."

उघड्या तोट्यांत नवल काय होतं, ते मला कळेना. सोलापुरात नळ उघडाच असतो. तोटी बंद करून ठेवली तर पाणी आलेलं कळणार कसं? घागर वाजली की घरातली बाई हातातलं काम टाकून पळते. बाईंच्या जुन्या चाळीतही तेच होतं. सहा वर्षांच्या असताना त्या स्वतः तोटीखाली पत्र्याचा डबा ठेवायच्या, पाणी आलं की वाजावा म्हणून. जन्मभर केलेली गोष्ट. ती प्रोग्रॅमला सांगण्यासारखी आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि पुस्तक विटेएवढं असलं तरी त्यानेही ते कधी विचारलं नव्हतं.

तिथेच कठड्यावर बसून त्यांनी मला समजावलं. त्या मोठ्या प्रोग्रॅमला प्रत्येक घर किती पाणी घेणार ते लिहून द्यायचं असतं. एका माणसाला दिवसाला इतकं, म्हणून घराला इतकं. तो धरून चालतो की ज्या घराला जेवढं लिहून दिलं तेवढंच ते घेईल, तेही दिवसभरात हळूहळू. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे ते खरं असेल. इथे तासभर पाणी आणि सगळ्या तोट्या सताड उघड्या. पंगतीत पहिल्या ओळीने वाढप्याच्या हातातलं पातेलंच ओढून घेतल्यासारखं. वर जायला जोर उरतोच कुठे? टाकीतलं पाणी दोन गल्ल्यांत संपतं, आणि वरच्या पाईपातलं होतं नव्हतं तेही खाली ओढलं जातं. म्हणून नळ हात ओढतो.

"प्रोग्रॅम खोटा नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला दुसऱ्याच गावाचं गणित घातलं. हिशोब बरोबर आला का ते दहादा बघितलं. तो काय धरून चाललाय ते एकदाही विचारलं नाही. आणि माझी आई इथे राहते!"

शेवटचं वाक्य त्या ओरडून बोलल्या. गौरम्मा पिंपामागून बघायला लागली.

त्या आठवड्यात बाईंनी आपला तो बाजूला ठेवलेला लहान प्रोग्रॅम काढला आणि पार उसवून पुन्हा लिहिला. आता त्यात घराला पाणी लिहून द्यायचं नव्हतं. प्रत्येक नळ म्हणजे एक भोक. पाईपात जेवढा जोर, तेवढं पाणी भोकातून जाणार. कार्डांच्या पेट्या घेऊन आम्ही एस.टी.ने पुण्याला गेलो. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले, बाई पेटी मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, एवढा नावाजलेला प्रोग्रॅम असताना हा घरगुती कशाला?"

"ह्यात नळ उघडा ठेवता येतो," बाई म्हणाल्या.

तो हसला. मी त्याला मारायचाच बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी कागद आला. पहिली गल्ली भरपूर, दुसरी भरपूर, तिसरीत करंगळीएवढी धार, चौथीत शून्य. बाईंनी ते शून्य बघितलं आणि डोळे पुसले. एवढे दिवस कागद एक म्हणत होता आणि आई दुसरं. आज पहिल्यांदा दोघांचं जमलं. मग त्यांनी खालच्या नळांची भोकं प्रोग्रॅममध्ये लहान करत नेली, पुन्हा पुन्हा कार्डं घातली, आणि उपाय काढला. खालच्या तीन गल्ल्यांत प्रत्येक तोटीमागे लहान भोकाची पितळी चकती बसवायची. पहिल्या गल्लीत भोक सगळ्यात लहान, मग जरा मोठं, तिसरीत आणखी मोठं. चौथीत चकतीच नको. तासाभरात सगळ्यांना सारखं पाणी. पाईप उकरायला नको, टाकी वाढवायला नको.

साहेबांनी तो कागद दोन बोटांत धरला. "म्हणजे आपला पहिला रिपोर्ट चुकला असं सोसायटीला कळवायचं?"

"चुकला तर कळवायला नको?"

"बाई, त्या रिपोर्टवर परदेशी प्रोग्रॅमचं नाव आहे. ह्याच्यावर कुणाचं आहे? तुमचं." त्यांनी कागद परत केला. "ऑफिसच्या नावावर हे जाणार नाही."

बाईंनी त्याच दुपारी टेबल आवरलं. मी नाही आवरलं. मला बायको होती, दोन लेकरं होती, आणि साहेबाच्या तोंडावर बोर्डावरचा टी-स्क्वेअर फेकायची फक्त इच्छा होती.

रविवारी टाकीखाली सगळी वसाहत जमली. बाईंनी करवून आणलेल्या चकत्यांतली एक हातात धरून समजावलं. अर्धं ऐकेपर्यंत खालच्या गल्लीतून कालवा सुरू झाला. आमच्या नळात बुच, आणि स्वतःच्या आईचा नळ मोकळा! दुसऱ्या कोणाला काही सुचायच्या आत गौरम्मा पुढे आली. तिची सून बाळंतीण होती, घरात पाणी जास्त लागत होतं, चिडणारच.

"आदी तुज्या आईच्या नळात बसीव," गौरम्मा म्हणाली. "मग आमच्यात."

"गौरम्मा, वर चकतीची गरजच नाही. तिथे जोर मुळातच कमी. चकती बसवली तर—"

"लई शिकलीस म्हून आमाला येडं समजतीस व्हय? तुज्या आईचं बुच न्हाय तर आमचं बी न्हाय."

बाई आकडे सांगायला लागल्या. कोण ऐकतंय! मी मधे पडलो, ओरडलो, कोणीतरी माझी कॉलर धरली. चौथ्या गल्लीतले लोक दूर उभे राहून काशम्माकडे बघत होते. त्यांच्यापैकी एकाने तरी म्हणावं ना, माझ्यात बसवा म्हणून? त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काशम्मा गुडघे धरत उठली. "बसीव," ती लेकीला म्हणाली.

"अव्वा, हिशोबात ते—"

"हिशेब र्‍हाऊ दे. समद्यांम्होरं बसीव."

तिप्पण्णाने पाना आणला. सगळी गर्दी चढून चौथ्या गल्लीत आली. पहिल्या गल्लीसाठी केलेली, सगळ्यात लहान भोकाची चकती गौरम्माने स्वतः निवडून दिली. बाईंनी ती आईच्या नळात आपल्या हाताने बसवली. मग त्याच संध्याकाळी खालच्या तिन्ही गल्ल्यांत चकत्या बसल्या, एकाही घराने नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या गल्लीत पाणी आलं. घागरी वाजल्या, पोरं नाचली. शेजारच्या दारात पिंप भरून वाहिलं. काशम्माच्या नळातून सुतासारखी धार पडत होती. तिची एक घागर भरेपर्यंत शेजारणीचं सगळं घर भरून झालं, अंगण धुऊन झालं. काशम्मा उंबऱ्यावर बसून धारेकडे बघत होती. पाणी दारात आलं होतं, बाईंचा शब्द खरा झाला होता, आणि मला तो नळ उपटून साहेबाच्या केबिनमध्ये नेऊन लावावासा वाटत होता.

बाई आता एका कॉलेजात शिकवतात. कोणी विचारायला आलं, कोणता प्रोग्रॅम घेऊ, तर उत्तर देत नाहीत. उलट विचारतात, तो तुझ्याबद्दल काय धरून चालतो? पोरं वैतागतात. वैतागू देत.

गेल्या महिन्यात, म्हणजे चार वर्षांनी, बाईंनी मला वसाहतीत बोलावलं. दुपारची वेळ, गल्ली सामसूम. त्यांनी पिशवीतून पाना काढला. आता सगळ्यांना सवय झाली, एक चकती काढली तर कोणाला कळणार नाही, अव्वाच्याने आता इतका वेळ बसवत नाही, असं म्हणाल्या. मी तोटी धरली.

काशम्मा आतून भिंत धरत आली आणि तिने नळावर तळवा ठेवला.

"हात लावू नगं," ती म्हणाली. "ती गौरम्मा अजून वर येती. बोलत न्हाय. तोटीची धार बगती आन् जाती. ज्या दिशी ही चकती नसंल, त्या दिशी तिची निगंल. मग समद्यांची. मग ह्या गल्लीत कुटलं पानी?"

बाईंनी पाना पिशवीत ठेवला. मग दोघी मायलेकी तिथेच उंबऱ्यावर बसल्या, आणि माझ्याच्याने बघवेना म्हणून मी उठून उतार उतरायला लागलो. पहिल्या गल्लीत गौरम्मा दारात तांदूळ निवडत होती. तिची तोटी उघडीच, खाली घागर. मला वरून येताना बघून तिने सूप खाली ठेवलं.

"काशम्माची हाय न्हवं अजून?" तिने विचारलं.

"हाय," मी तिच्या अंगावर ओरडलो. "हाय अजून!"

ती मान हलवून पुन्हा तांदूळ निवडायला लागली.